शास्त्रज्ञांची मुलाखत: आधी आठवण, मग कागद

बेंझिनच्या रेणूची रचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६५ मध्ये मांडली. शेकोटीसमोर डुलकी लागली, स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप दिसला आणि कार्बनच्या अणूंच्या वलयाची कल्पना सुचली, ही गोष्ट मात्र त्याने जाहीरपणे सांगितली ती १८९० मध्ये, बर्लिनला, त्या सूत्राच्या पंचविशीच्या समारंभात. साप खरंच दिसला होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. मुलाखत घेणाऱ्याला त्या भांडणाशी फारसं कर्तव्य नाही. त्याच्या कामाची गोष्ट एवढीच, की समोर बसलेल्या प्रत्येक नामवंत संशोधकाकडे असा एखादा साप तयार असतो. तो पंचवीस वर्षं सत्कारात, वर्गात, जेवणाच्या टेबलावर सांगून गुळगुळीत झालेला असतो. पहिल्या दहा मिनिटांत तो बाहेर येतो, ऐकणारा खूश होतो आणि मुलाखत तिथेच संपते. रेकॉर्डर पुढे तासभर चालू राहतो एवढंच.

यात कुणी खोटं बोलत नाही. प्रश्न सुटला की त्याच्याकडे जाणाऱ्या चुकीच्या वाटा लक्षात ठेवायचं कारण उरत नाही, म्हणून त्या विसरल्या जातात. शोधनिबंध घडल्या क्रमाने लिहिला जात नाही, तो पटवून देण्याच्या क्रमाने लिहिला जातो. पुढे लेखक स्वतःच तो निबंध पन्नास वेळा शिकवतो आणि निबंधाचा क्रम हाच आठवणीचा क्रम होऊन बसतो. डार्विनने १८७६ मध्ये आत्मचरित्रपर टिपणात लिहिलं, की आपण कोणताही सिद्धान्त मनात न धरता नुसती तथ्यं गोळा करत होतो. जुलै १८३७ मध्ये सुरू केलेल्या त्याच्या वहीत पहिल्या पानांपासून सिद्धान्तच सिद्धान्त आहेत. माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचल्याचा महिना त्याला ऑक्टोबर १८३८ आठवतो. वहीत तारीख आहे २८ सप्टेंबर. तारखेची चूक किरकोळ आहे. ‘सिद्धान्त नव्हता’ ही चूक किरकोळ नाही, कारण तिच्यामुळे विचाराची अख्खी दिशाच उलटी दिसते.

आइनस्टाइनचं उदाहरण याहून बोलकं आहे. प्रकाशाच्या वेगावर पृथ्वीच्या गतीचा परिणाम दिसत नाही हे दाखवणारा मायकेलसन-मोर्ले प्रयोग त्याला १९०५ च्या सापेक्षता सिद्धान्ताच्या आधी ठाऊक होता का? भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट शँकलंडने १९५० मध्ये विचारलं तेव्हा उत्तर आलं, की १९०५ नंतरच त्याकडे लक्ष गेलं. त्यानेच १९५२ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा आइनस्टाइन म्हणाला, नक्की कधी ऐकलं ते सांगता येत नाही. मिलेव्हाला, म्हणजे पुढे पत्नी झालेल्या मैत्रिणीला, १८९९ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात तो भौतिकशास्त्रज्ञ वीनचा लेख वाचल्याचं सांगतो, आणि त्या लेखात या प्रयोगाची नोंद होती. एकच माणूस, एकच प्रश्न, दोन वर्षांच्या अंतराने दोन उत्तरं. शँकलंडचं मोठेपण असं, की त्याने दुसऱ्यांदा विचारलं आणि दोन्ही उत्तरं तारखेसह लिहून ठेवली.

यावरून एक नियम निघतो आणि बाकीचं सगळं काम त्याच्या भोवती फिरतं. आधी आठवण कागदाशिवाय घ्यायची, मग कागद समोर ठेवायचा. उलट केलं, म्हणजे आधीच निबंधाची प्रत हातात दिली, की माणूस आठवत नाही, वाचतो. आणि कागद शेवटपर्यंत दाखवलाच नाही तर साप तेवढा मिळतो.

तयारी: वाचायचं काय

एका तासाच्या मुलाखतीला पंधरा ते वीस तासांची तयारी लागते. विषय आपला नसेल तर जास्त. सगळे निबंध वाचायची गरज नाही, दोनशे निबंध असतील तर ते शक्यही नाही. सहा ते आठ पुरतात, पण ते निवडायचे कसे याला महत्त्व आहे. पहिला स्वतंत्र निबंध. सगळ्यात जास्त उद्धृत झालेला. लेखकाला अभिमान असूनही कुणी विचारलं नाही असा एक. ज्याचं शुद्धिपत्र निघालं तो. एखादं क्षेत्र सोडण्यापूर्वीचा शेवटचा आणि नव्या क्षेत्रातला पहिला. नवे मुलाखतकार यातला दुसराच तेवढा वाचून येतात, आणि नेमका त्याच निबंधाबद्दल सांगण्यासारखं नवं काही उरलेलं नसतं.

निबंधात मजकुराच्या आधी तीन गोष्टी पाहायच्या. एक, पहिल्या पानावरच्या तारखा. निबंध मिळाला कधी, सुधारून आला कधी, स्वीकारला कधी. मिळाल्यापासून सुधारून येईपर्यंत दहा महिने गेले असतील तर तिथे परीक्षकांशी झटापट झालेली आहे किंवा नवा प्रयोग करावा लागला आहे. दोन, ऋणनिर्देश. तिथे सात वर्षं सतत दिसणारं नाव आठव्या वर्षी गायब झालं तर तो प्रश्न आहे, मात्र पहिल्या बैठकीतला नव्हे. तीन, संदर्भांची यादी. आपल्या क्षेत्राबाहेरचा एखादा विचित्र संदर्भ, म्हणजे रसायनशास्त्राच्या निबंधात धातुकामाचं जुनं हस्तपुस्तक, हा कोणीतरी काहीतरी दाखवल्याचा माग असतो. ‘हे पुस्तक तुमच्या हातात आलं कसं?’ या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर तयार नसतं.

मग एक तक्ता करायचा, तीन रकान्यांचा. वर्ष, त्या वर्षी ही व्यक्ती कुठे होती आणि काय प्रसिद्ध केलं, त्या वर्षी त्या क्षेत्रात इतरत्र काय चाललं होतं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागतो आणि बरेच प्रश्न त्यातूनच निघतात. शेजारच्या प्रयोगशाळेत नवं उपकरण आलं होतं आणि यांनी ते तीन वर्षं वापरलं नाही, का नाही? तक्त्यातल्या रिकाम्या जागांवर पेन्सिलने गोल करायचा. दोन वर्षं काहीच प्रसिद्ध झालं नाही, तिथे आजारपण असेल, मूल झालं असेल, फसलेला प्रयोग असेल किंवा नुसतं वाचन असेल. त्या रिकाम्या जागा मला निबंधांइतक्याच मोलाच्या वाटतात.

आधी फोन जरूर करावा, पण वीस मिनिटांचा. वेळ, जागा, ऐकायला त्रास आहे का, जुन्या वह्या आणि पत्रं सापडतील का, एवढंच बोलायचं. इथे हमखास होणारी चूक अशी: फोनवर गप्पा रंगतात, उत्तम आठवण तिथेच सांगून होते, आणि मुलाखतीत तीच ‘तुम्हाला परवा सांगितलं तसं’ एवढ्यावर आटोपते. समोरचे सांगायला लागलेच तर सरळ म्हणावं, ‘सर, हे रेकॉर्डरसाठी राखून ठेवा.’

यंत्र, थोडक्यात

दोन रेकॉर्डर. यावर वाद नको. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन चॅनलला तासाला साधारण एक जीबी लागतो, त्यामुळे जागा वाचवायला एमपी३ करण्याचं कारण उरलेलं नाही. प्रत्येकाला वेगळा कॉलर माइक, हनुवटीखाली एक वीत अंतरावर. साखळी, स्कार्फ किंवा खिशातलं पेन घासत नाही ना, हे हेडफोन लावून ऐकावं, नुसतं बघून कळत नाही. आवाज चढला की पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास जावी. आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद करायची, कारण बोलणारा विचार करायला थांबला की ती यंत्रणा शांततेचाच आवाज वाढवते आणि पंखा घरघरू लागतो. मोबाइल दुसरा रेकॉर्डर म्हणून चालतो, पण विमान मोडवर. त्यातली गोंगाट काढण्याची सोय वृद्धांचा हळू आवाजही गोंगाट समजून खाते. फ्रिज आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्यापासून लांब बसावं. पुस्तकांच्या कपाटांची खोली आवाजाला चांगली, काचेचं टेबल वाईट. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं, कितवी बैठक हे मोठ्याने बोलायचं, आणि अर्धा मिनिट कुणीच न बोलता खोलीचा आवाज घ्यायचा.

एक बैठक दीड तासाची. ऐंशीच्या पुढचं वय असेल तर तास-सव्वा तास. ब्रिटिश लायब्ररीने तिथल्या शास्त्रज्ञांच्या जीवनकथा ध्वनिमुद्रित केल्या, त्यांपैकी अनेक दहा ते पंधरा तासांच्या आहेत. तेवढं जमलं नाही तरी तीन बैठका हव्यातच, आणि त्यांच्यात आठवडाभराचं अंतर. पहिल्या बैठकीने आठवण ढवळली जाते. पुढच्या आठवड्यात माणूस स्वतःच कपाट उघडतो, जुन्या सहकाऱ्याला फोन करतो आणि ‘त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं’ म्हणून सुरुवात करतो. अशा सुरुवातीची वाट पाहावी.

फक्त, महत्त्वाचे प्रश्न शेवटच्या बैठकीसाठी साठवू नयेत. विज्ञानाचा इतिहासकार टॉमस कून आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ ते १९६४ या काळात क्वांटम भौतिकी घडवणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. नील्स बोर यांच्याशी पाचवी बैठक झाली १७ नोव्हेंबर १९६२ रोजी. दुसऱ्या दिवशी बोर गेले. त्यांच्या फळ्यावर आदल्या संध्याकाळी काढलेलं एक चित्र राहिलं होतं, आइनस्टाइनशी १९३० साली झालेल्या वादातल्या विचारप्रयोगातली ती प्रकाशाची पेटी. बोर यांच्याकडून आणखी बरंच विचारून घ्यायचं होतं.

प्रश्न

‘का’ पेक्षा ‘कसं’, ‘कुठे’, ‘कोणाला’ आणि ‘कधी’ बरे. ‘तुम्ही हा विषय का निवडला?’ असं विचारलं की माणूस समर्थन शोधू लागतो, आणि समर्थन आजचं असतं. ‘तो विषय पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलात?’ असं विचारलं की एक खोली, एक माणूस, एखादं भांडण आठवतं.

‘लहानपणी विज्ञानाची आवड कशी लागली?’ ही सुरुवात मला सगळ्यात निरुपयोगी वाटते. तिला ठरलेलं उत्तर येतं: शिक्षक, चांदण्या, उघडून बिघडवलेला रेडिओ. बालपण विचारूच नये असं नाही. पण विचारायचं तर घरात कोणती नियतकालिकं येत, गणित कोणत्या भाषेत शिकलात, पहिलं उपकरण हाताळलं ते कोणतं आणि त्याचं काय मोडलं, असं.

आता एक प्रसंग जवळून पाहू. संवाद नमुन्यादाखल रचलेला आहे, पण घाट नेहमीचाच. वर्णपटाचा अभ्यास केलेल्या एक वयस्क बाई बोलत आहेत.

‘मग एके दिवशी लक्षात आलं, की ती जादाची रेषा अशुद्धीमुळे आलेली नाही. ती खरी आहे.’

इथे बहुतेक जण विचारतात, ‘मॅडम, तो क्षण कसा होता?’ उत्तर येतं, ‘फार आनंदाचा.’ दार बंद. त्याऐवजी:

‘ती रेषा पाहिली कशावर? फोटोच्या काचेवर की कागदावर?’

‘कागदावर. यंत्रातून लांबच लांब पट्टी यायची.’

‘त्याच्या आधीच्या पट्ट्यांवर ती नव्हती?’

‘होती ना. आम्ही तिच्यावर पेन्सिलने फुली मारायचो.’

‘किती दिवस मारलीत?’

इथे थांबणं येतं. मुलाखतकाराने या थांबण्यात तोंड उघडायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं.

‘सात-आठ महिने असतील.’

‘फुली मारणं थांबलं कशाने?’

‘आमच्याकडचा नमुना संपला. दुसरीकडून मागवला, तो वेगळ्या पद्धतीने शुद्ध केलेला होता. त्यातही ती तिथेच.’

‘एके दिवशी’ या दोन शब्दांत सात-आठ महिने दडले होते, आणि शोधाला कारण झाला तो संपलेला नमुना. चार प्रश्नांपैकी एकही हुशारीचा नाही. सगळे वस्तूंभोवती फिरतात: कागद, पट्टी, पेन्सिल, नमुना. अमूर्त विचाराला आठवणीत स्वतःची जागा नसते, तो वस्तूंना चिकटून राहतो. म्हणून ‘एके दिवशी’, ‘हळूहळू’, ‘ओघानेच’, ‘साहजिकच’ हे शब्द ऐकले की टाचणात खूण करायची. त्यांच्या पोटात महिने असतात.

एका वेळी एकच प्रश्न. जोडप्रश्न विचारला तर सोप्या भागाचं उत्तर मिळतं. मध्येमध्ये ‘हो, हो’, ‘अगदी बरोबर’ म्हणायची सवय सोडावी. ते ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाक्याच्या शेपटावर बसतं, शिवाय समोरच्याला कळतं की कोणतं उत्तर आवडतं आहे. मान हलवावी. न कळलेली नावं कागदावर लिहून ठेवावीत आणि बैठकीच्या शेवटी स्पेलिंगसकट विचारावीत. मध्येच ‘कोण म्हणालात?’ असं विचारलं की धागा तुटतो.

‘सोप्या भाषेत सांगा’ हे वाक्य जपून वापरायचं. ते ऐकताच शास्त्रज्ञ लोकव्याख्यानाच्या सुरात जातो आणि वीस वर्षं वापरलेली उपमा बाहेर काढतो. त्याऐवजी विचारावं: ‘त्या आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला हे कसं सांगितलं असतंत?’ उत्तर थोडं अवघड येईल. चालेल. तळटीप नंतर देता येते.

चुकांबद्दल विचारावंच, पण ‘तुमच्या चुका कोणत्या?’ असं नव्हे. ‘कोणती गोष्ट तुम्ही सगळ्यात जास्त काळ खरी मानलीत आणि मग सोडलीत?’ असं विचारलं की लोक मोकळे होतात, कारण प्रश्नात आरोप नाही. परत आलेल्या निबंधांबद्दलही असंच. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रेब्जने सायट्रिक आम्ल चक्रावरचं, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात त्या रासायनिक चक्रावरचं टिपण १९३७ मध्ये ‘नेचर’कडे पाठवलं होतं आणि ते परत आलं, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं. नकाराची पत्रं काही जण जपून ठेवतात. ती मागावीत.

प्रसिद्ध भांडणांचं काय? खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांना कोणीही भेटलं की ११ जानेवारी १९३५ बद्दल विचारणार असं व्हायचं, कारण त्या दिवशी ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने सभेत ताऱ्यांच्या शेवटाबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षाची खिल्ली उडवली होती. विचारायला हरकत नव्हती, पण ती गोष्ट घासून घासून नाण्यासारखी झाली होती. त्यांच्या कामाच्या यादीत याहून चमत्कारिक काहीतरी दिसतं. ताऱ्यांच्या रचनेवर १९३९ मध्ये ग्रंथ, मग तारकागतिकीवर १९४२ मध्ये, प्रारणाच्या वहनावर १९५० मध्ये, द्रवगतिकीतल्या स्थिरतेवर १९६१ मध्ये, फिरत्या द्रवगोलांच्या आकारांवर १९६९ मध्ये, कृष्णविवरांवर १९८३ मध्ये. विषय घ्यायचा, तो मनासारखा आकाराला आणायचा, ग्रंथ लिहायचा आणि पुढे निघायचं. अशा माणसाला विचारायचा प्रश्न म्हणजे, विषय सोडताना खणात कोणतं गणित अर्धवट राहिलं, आणि नव्या विषयाच्या पहिल्या सहा महिन्यांत दिवस कसा जायचा: काय वाचायचं, कोणाला विचारायचं, पहिलं उदाहरण कोणतं सोडवलं.

विषय बदलला की कागद बदलतो

प्रयोग करणाऱ्यांकडे प्रयोगवही असते आणि ती सोन्यासारखी असते. विज्ञानाचा इतिहासकार फ्रेडरिक होम्सने क्रेब्जशी अनेक बैठका केल्या त्या प्रयोगवह्या मध्ये ठेवून, एकेक दिवसाचं पान उलटत. वही घेऊन बसताना निकालाच्या पानापेक्षा त्याच्या आधीची दहा पानं पाहावीत, आणि निकालानंतरची तीन. निकाल आल्यावर दुसऱ्या दिवशी माणसाने काय केलं यावरून त्याचा त्यावर विश्वास बसला होता का ते कळतं. तोच प्रयोग पुन्हा लावला असेल तर बसला नव्हता.

वही म्हणजे नोंद, असं मात्र गृहीत धरू नये. विज्ञानाचा इतिहासकार चार्ल्स वायनरने १९६६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनची मुलाखत घेताना त्याच्या कागदांना रोजच्या कामाची नोंद म्हटलं, तेव्हा फाइनमनने हरकत घेतली. त्याचं म्हणणं, ती नोंद नव्हे, तेच काम आहे. काम कागदावरच झालं. यामुळे मुलाखतकाराची विचारण्याची रीत बदलते. ‘हे लिहिलंत तेव्हा काय विचार चालला होता?’ असं विचारण्यापेक्षा ‘ही ओळ खोडून पुढची लिहिलीत, ती माझ्यासमोर पुन्हा करून दाखवाल का?’ असं विचारलेलं बरं.

गणितज्ञांकडे वही नसली तरी उदाहरणं असतात. सिद्धता विचारू नये, ती छापलेली आहेच. ‘सिद्धतेच्या आधी हाताने कोणती उदाहरणं करून पाहिलीत, आणि कोणत्या उदाहरणाने दगा दिला?’ असं विचारावं. कोरे कागद आणि जाड पेन समोर ठेवावं. ते लिहू लागले की आपण मोठ्याने बोलायचं: ‘तुम्ही डावीकडे वर्तुळ काढलंत आणि त्याला दोन ठिकाणी छेद दिलात.’ नाहीतर ध्वनिमुद्रणात ‘हे असं इकडे गेलं, म्हणून ते तसं’ एवढंच राहतं आणि ते जगात कुणालाच कळत नाही. कागदावर तारीख आणि बैठकीचा क्रमांक घालून तो फाइलबरोबर ठेवायचा.

भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासकांकडे प्रयोग नसतो, पण निवड असते. भांडारकर संस्थेतलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. तिथे एका तक्त्यावर एक श्लोक घेऊन वर प्रचलित पाठ आणि खाली हस्तलिखितांतले भेद असे भरले जात. असा तक्ता समोर ठेवून ‘हा पाठ घेतलात, हा सोडलात, सोडलेल्याच्या बाजूने काय म्हणता येईल?’ असं विचारणं म्हणजे प्रयोगशाळेत फसलेल्या प्रयोगाबद्दल विचारण्यासारखंच आहे. विद्वानांच्या बाबतीत स्वतःच्या पुस्तकांतल्या समासातल्या टिपाही पाहाव्यात. शाई बदललेली दिसली की वाचन दोनदा झालेलं आहे, आणि दुसऱ्यांदा मत बदललं का ते विचारता येतं. एक अडचण इथे जास्त येते: हे लोक बोलतानाही वाक्य छापल्यासारखं पूर्ण करतात. ऐकायला छान, पण प्रत्येक वाक्य आधीच संपादित झालेलं. उपाय एकच, पुस्तक किंवा पोथी हातात देऊन विशिष्ट पानावर बोलायला लावायचं.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर

जुळणार नाहीतच. ‘सर, तुमचं चुकतंय’ म्हणायचं नाही, गप्पही बसायचं नाही. पत्र पुढे सरकवून म्हणायचं, ‘यावर मार्चची तारीख आहे. ही पाहून काय वाटतं?’ तीन प्रकारची उत्तरं येतात. कधी आठवण दुरुस्त होते. कधी कागदच चुकीचा ठरतो: पत्रावर तारीख नंतर घातलेली असते, किंवा ज्याने ते लिहिलं त्याला सगळं सांगितलेलंच नसतं. आणि कधी माणूस आठवणीला चिकटून राहतो. तिन्ही वेळा दोन्ही बाजू शब्दांकनात ठेवायच्या. ज्येष्ठ व्यक्तीची भीड पडून विसंगती गाळणं हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. त्याने मुलाखतीचा सत्कारग्रंथ होतो.

शब्दांकनाला तासाभराच्या ध्वनिमुद्रणामागे चार ते सहा तास धरावेत. दोन भाषांत मिसळून बोलणं असेल आणि सूत्रं असतील तर आठ. यंत्राकडून पहिला मसुदा घेतला तरी तीन ठिकाणी पुन्हा ऐकावंच लागतं: व्यक्तींची नावं, आकडे आणि एककं, आणि नकार. ‘होतं’ आणि ‘नव्हतं’ यांतला फरक भरभर बोलण्यात पुसट होतो, आणि एका नकाराने निष्कर्ष उलटतो. दर मिनिटाला वेळेची खूण घालावी. ‘मला नक्की आठवत नाही’, ‘बहुतेक’, ‘असं मला नंतर कुणीतरी सांगितलं’ ही वाक्यं पाल्हाळ म्हणून कापण्याचा मोह होतो. ती ठेवायची. आठवण स्वतःची की ऐकीव, हे फक्त त्यांतून कळतं.

मसुदा तपासायला दिला की शास्त्रज्ञ त्याचा निबंध करतात. ‘मग आम्ही घाबरलो’ याचं ‘यानंतर पडताळणीची आवश्यकता भासली’ होतं. म्हणून मसुद्यासोबत चार ओळींची चिठ्ठी द्यावी: नावं, आकडे, तथ्यं सुधारा, नको ते ओळीसकट गाळा, नवं सांगायचं असेल तर तारीख घालून तळटीप लिहा, बोलण्याची भाषा मात्र तशीच राहू द्या. मुदत सहा आठवडे. मुदत दिली नाही तर मसुदा खणात पडून राहतो, कारण त्यांच्या दृष्टीने काम संपलेलं असतं.

संमतीची कागदपत्रं दोन. ध्वनिमुद्रणाला संमती आधी, वापराला संमती शब्दांकन पाहिल्यावर. एकदाच सगळ्यावर सही घेतली तर लोक बोलताना हात आखडता घेतात. हयात सहकाऱ्यांबद्दलचा एखादा भाग पाच किंवा दहा वर्षं बंद ठेवायची सोय संमतीपत्रात हवी, आणि ती सोय आहे हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायला हवं. बंद ठेवलेल्या भागाची सुरुवात आणि शेवट मिनिट-सेकंदात लिहायचा. ‘तो वादाचा भाग’ असं लिहिलं तर दहा वर्षांनी तो कुणालाच सापडत नाही.

मूळ फाइलला हात लावू नये, संपादन प्रतीवर करावं. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात किंवा निदान दुसऱ्या इमारतीत. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, मग आडनाव, मग बैठक क्रमांक.

आणि रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच वायरी गुंडाळायला घेऊ नये. चहा येतो, खुर्ची मागे सरकते आणि तेव्हाच ‘खरं सांगू का’ सुरू होतं. ‘पुन्हा चालू करू का?’ असं विचारावं. नाही म्हणाले तर ऐकून घ्यावं आणि त्यांच्या परवानगीशिवाय ते कुठेही वापरू नये. हो म्हणाले तर माइक परत लावायला साधारण चाळीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात बोलणाऱ्याचा विचार बदलू नये म्हणून मी सुचवेन, की दुसरा रेकॉर्डर तसाच टेबलावर ठेवावा, बंद पण तयार, आणि बॅगेत जाणाऱ्या वस्तूंत तो सगळ्यात शेवटी जावा.